हौद, पाणपोई आणि मैलाचा दगड: शहराच्या पुनर्विकासात लहान वारसा कुठे हरवतो

जुन्या गावठाणाचा पुनर्विकास म्हटलं की चर्चा वाड्यांची होते, देवळांची होते, किती मजले आणि किती एफएसआय (भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण) याची होते. कोपऱ्यावरची बंद पडलेली पाणपोई, फुटपाथात अर्धा रुतलेला मैलाचा दगड, वर फरशी टाकून झाकलेला हौद, पिंपळाचा दगडी पार, मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासून टेकवलेली वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) यांची चर्चा होत नाही. काम उरकतं, पेव्हर ब्लॉक बसतात, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येतं की इथे काहीतरी होतं.

त्या लहान गोष्टी का जातात, कायदा त्यांच्याबद्दल काय म्हणतो आणि नेमक्या कोणत्या टप्प्यावर धावपळ केली तर त्या राहतात, हे इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. अशा वस्तू पाडायचा निर्णय सहसा कुणीच घेतलेला नसतो. नकाशा, अंदाजपत्रक, निविदा या कागदांमध्ये त्यांचं नाव कुठेच नसतं, म्हणून त्या जातात. त्यामुळे त्यांना वाचवायचं बरंचसं काम कागदावरच करावं लागतं, तेही जेसीबी गल्लीत शिरण्याच्या पुष्कळ आधी.

एका हौदाला इतकं महत्त्व का द्यायचं?

पुण्यापासून सुरुवात करू. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला पाणी अडवून ते जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं गेलं. पंप नाही, इंजिन नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब आवाक्यात राहावा. शहरात हे पाणी पेठांमधल्या हौदांत पडे आणि लोक तिथून ते भरून नेत. फडके हौद, काळा हौद, नाना हौद, साततोटी ही नावं पुण्यात राहणाऱ्यांना आजही पत्ता सांगताना लागतात. ती नावं या पाण्याच्या काळाची आहेत.

एखादा उच्छ्वास एकटा पाहिला तर तो विटांचा एक बुटका मनोरा वाटतो. रस्ता रुंद करणाऱ्या अभियंत्याला तो अडथळाच दिसणार, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण तो कशाचा भाग आहे हे त्याच्या हातातल्या नकाशावर लिहिलेलं नसतं. कात्रजच्या तलावापासून पेठेतल्या हौदापर्यंतची सगळी रचना एकत्र मांडली, तर त्या मनोऱ्याची जागा कळते. मधले चार उच्छ्वास काढले की उरलेल्यांचा अर्थही जातो. लहान वारशाची पहिली अडचण ही आहे: आपण प्रत्येक वस्तूचं मोल सुटं सुटं ठरवतो, आणि सुटी पाहिली की प्रत्येक वस्तू किरकोळ ठरते.

दुसरा प्रकार असा, की वस्तू अगदी साधी असते आणि तिच्यामागचा इतिहास मोठा असतो. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. बुधवार पेठेत फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद आहे. सत्यशोधक चळवळीतले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपली मुलगी काशीबाई हिच्या स्मरणार्थ १८८० मध्ये बांधला. तिला घरात लाडाने बाहुली म्हणत. घोल्यांनी मुलीला लिहायला-वाचायला शिकवलं, हे न खपलेल्या नातलगांनी तिला काच कुटून घातलेलं खायला दिलं आणि त्यात ती गेली, अशी हकीगत सांगितली जाते. हा हौद त्यांनी सर्व जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला. मुलींच्या शिक्षणाचा आणि पाण्याच्या हक्काचा इतिहास एकाच ठिकाणी सांगणारी अशी जागा महाराष्ट्रात दुसरी शोधून सापडणं कठीण. वास्तुकलेच्या निकषावर या हौदाला गुण द्यायला बसलो तर फार मिळणार नाहीत. म्हणूनच फक्त देखणेपणा मोजणारी यादी पुरी पडत नाही.

कायदा काय म्हणतो

मोठ्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा कायदा आहे आणि १९६० चा राज्याचा. शनिवारवाडा केंद्राच्या यादीत आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. लहान वारशाला याचा उपयोग होईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात त्या १०० मीटरमधल्या जुन्या वाड्यांची कोंडी झाली. पाडून नवं बांधता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, भाडेकरूंची भाडी नाममात्र आहेत, आणि मालकाच्या हातात पैसा नाही. वाडा हळूहळू ढासळतो आणि त्याच्याबरोबर त्यातलं कोरीव काम, आड, दिंडी दरवाजा सगळंच जातं. नुसती बंदी घालून वारसा टिकत नाही, हे या परिसरात राहणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे, आणि त्यांच्या घरांचा प्रश्न बाजूला सारून वारशाबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

शहराच्या आराखड्याचा कायदा वेगळा आहे: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. विकास आराखड्यात काय काय असावं हे त्याच्या कलम २२ मध्ये दिलं आहे. त्यात ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या इमारती आणि जागा यांच्याबरोबरच अशा महत्त्वाच्या ‘वैशिष्ट्यां’च्या जतनाचाही उल्लेख आहे. म्हणजे इमारत नसलेली वस्तूही आराखड्यात येऊ शकते. एखादा अधिकारी ‘पाणपोई काही वास्तू नाही’ म्हणाला, तर हे कलम त्याच्यासमोर ठेवता येतं.

वारसा यादी याच चौकटीतून येते. मुंबईने १९९५ मध्ये देशातली पहिली शहरी वारसा नियमावली आणली आणि श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, मजबुतीसाठी लागेल तेवढंच काम करायचं. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर चालतो. तिसरी श्रेणी रस्त्याच्या, परिसराच्या एकूण रूपासाठी महत्त्वाच्या इमारतींची. तिथे बदलाला सगळ्यात जास्त मोकळीक असते. यादीतल्या खासगी इमारतीच्या मालकाचा बांधकामाचा हक्क अडकला, तर तो टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपात दुसरीकडे वापरायला किंवा विकायला मिळू शकतो.

आता यातली खाच पाहा. यादी बहुधा मिळकतीनुसार बनते. सिटी सर्व्हे नंबर, मालकाचं नाव, वापर, श्रेणी. फुटपाथवरच्या मैलाच्या दगडाला सर्व्हे नंबर नसतो. चौकातल्या पाराला मिळकत पत्रिका नसते. दोन घरांच्या मधल्या भिंतीत बसवलेल्या शिलालेखाचा मालक कोण, हे कुणी ठरवलेलं नसतं. टीडीआर द्यायला मालकच नाही, आणि हरकत घ्यायलाही मालक नाही.

रस्ता वर येतो, दगड खाली जातो

मुंबईचे मैलाचे दगड हे याचं अगदी डोळ्यांपुढचं उदाहरण. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजून ब्रिटिशांनी रस्त्यांच्या कडेला बेसाल्टचे दगड रोवले होते, त्यांवर रोमन आकडे कोरलेले. काळबादेवीपासून दादरपर्यंत वेगवेगळ्या रस्त्यांवर ते आहेत. वारसा यादीत नोंद असूनही त्यातले काही जवळजवळ पूर्ण गाडले गेले. ते कुणी मुद्दाम पुरले नाहीत. जुना थर न खरवडता त्यावर डांबराचा नवा थर घातला की रस्ता दर वेळी थोडा वर येतो, त्याबरोबर फुटपाथ वर येतो, आणि काही दशकांत फक्त दगडाचं डोकं उरतं. गेल्या काही वर्षांत मुंबई महापालिकेच्या वारसा विभागाने यातले दगड खोदून, स्वच्छ करून पुन्हा दिसतील असे बसवायचं काम हाती घेतलं.

हीच गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या जुन्या पेठेत पाहता येते. ज्या घराला एकेकाळी चार पायऱ्या चढून जावं लागे, त्याचा उंबरा आज रस्त्याच्या पातळीला आलेला असतो. ओटा नाहीसा झालेला असतो आणि पावसाळ्यात पाणी थेट घरात शिरतं. जोत्यात पाणी मुरतं, लाकडी खांबाचा पाया कुजतो. म्हणून रस्त्याची अंतिम पातळी किती, हा वारशाचाही प्रश्न आहे. नवा थर घालण्याआधी जुना थर यंत्राने खरवडून काढायचा आणि रस्त्याची पातळी आहे तीच ठेवायची, एवढी एक अट निविदेत असली तरी पायऱ्या, ओटे, दगड, पार या सगळ्यांचं आयुष्य वाढतं. लोकांच्या घरात पाणी शिरायचं थांबतं, ते वेगळंच.

नाशिकला हे नदीच्या पात्रात घडलं. रामकुंड आणि त्याच्या आसपासची गोदावरीतली जुनी कुंडं १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये नावानिशी वर्णन केलेली आहेत. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास गर्दीची सोय म्हणून पात्रात काँक्रीटचा तळ घातला गेला आणि त्याखाली कुंडं आणि त्यांचे जिवंत झरे दबले. शहरातल्या गोदाप्रेमींनी जुने कागद आणि भूमापनाचे नकाशे काढून कुंडांच्या जागा दाखवल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि पुढे काही कुंडांतलं काँक्रीट काढायचं काम हाती घेतलं गेलं. त्यानंतर स्मार्ट सिटीच्या कामांत घाटावरच्या जुन्या दगडी पायऱ्या काढण्यावरून पुन्हा वाद झाला. यातून मला एकच गोष्ट ठळक दिसते: त्या कुंडांची नोंद नकाशावर आणि गॅझेटियरमध्ये होती, म्हणून ती कुठे होती याबद्दल वाद घालता आला. नोंदच नसती तर मागायचं काय आणि कुणाकडे?

निविदेत ज्याला ओळ नाही, ते काम होत नाही

आता मधला, सगळ्यात कमी बोलला जाणारा टप्पा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कलम २६ नुसार हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, बृहन्मुंबईत ६०. नंतर नियोजन समितीसमोर सुनावणी होते. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो, आणि लहान वस्तू मोडतात त्या गटारं, केबल, फुटपाथ, सुशोभीकरण अशा वर्षभराच्या कामांत. या कामांसाठी अशी सुनावणी होत नाही. अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश जातो, आणि प्रत्यक्ष खोदणारा पोटठेकेदार असतो, ज्याला कामाच्या यादीपलीकडे काहीही सांगितलेलं नसतं.

ठेकेदाराला पैसे मिळतात ते निविदेतल्या एकेका बाबीचे. खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतकं, पेव्हर ब्लॉक इतके चौरस मीटर. ‘दगडी पाणपोईभोवती लाकडी पेटी करून संरक्षण, १ नग’ अशी ओळ असेल तर ती पेटी होईल, कारण तिचं बिल निघतं. ओळ नसेल तर पाणपोई जपणं हा ठेकेदाराला पदरचा खर्च. तो का करेल? बरं, चुन्यातलं बांधकाम, दगडावरचा जुना रंग हलक्या हाताने काढणं अशी कामं नेहमीच्या दरसूचीत क्वचित सापडतात, त्यामुळे कनिष्ठ अभियंत्याची इच्छा असली तरी दर कुठून धरायचा हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर आहे: वारसा कामाची माहिती असलेल्या वास्तुविशारदाकडून दरविश्लेषण करून घेता येतं आणि ती बाब वेगळी मंजूर करून घेता येते. रस्त्याच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य असते. कष्ट लागतात ते ती ओळ वेळेत लिहून घेण्याचे.

म्हणून प्रभागात रस्त्याचं काम ‘प्रस्तावित’ आहे असं कळलं की त्याच आठवड्यात पत्र द्यायचं. पत्रासोबत गुळगुळीत भाषणापेक्षा नोंद हवी: वस्तूचे चारही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी धरून; नेमकी जागा; रस्त्यापासून उंची; शिलालेख असेल तर त्याचा ठसा किंवा वाचता येईल असा तिरप्या उजेडातला फोटो; आसपासच्या दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर. हे अंतर सगळ्यांत मोलाचं, कारण उद्या वस्तू हलली तर ती मूळ जागी परत बसवायला एवढाच आधार असतो. गावातल्या महाविद्यालयाचा इतिहासाचा वर्ग हे काम सहज करू शकतो.

जमिनीखालून काय निघेल हे मात्र आधी सांगता येत नाही. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं काम चालू असताना पाण्याचा जुना बोगदा सापडला. मुंबईत १८६४ मध्ये बांधलेल्या फ्लोरा फाउंटनच्या अलीकडच्या दुरुस्तीत बाजूच्या खोदाईत ट्रामचे रूळ निघाले, जी ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली होती. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा कोरीव लेख पुरावशेष ठरतो. तरीही सापडलेली गोष्ट लपवली जाते, कारण कळवलं की काम थांबणार आणि मुदत मात्र चालूच राहणार ही ठेकेदाराची रास्त भीती असते. निविदेतच ‘ऐतिहासिक वस्तू आढळल्यास तपासणीचे दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत’ असं लिहिलं तर ती भीती जाते.

हलवायचं की जागीच ठेवायचं

जागीच ठेवणं केव्हाही चांगलं. मैलाचा दगड उचलून संग्रहालयात नेला तर तो कोरीव दगड उरतो, अंतर सांगणारी खूण राहत नाही. गद्धेगळीचंही तसंच. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं शिल्प असलेला हा दगड जमिनीचं दान मोडणाऱ्याला शाप देतो; त्याचा त्या जमिनीशी संबंध आहे. अलिबागजवळ आक्षीचा शके ९३४ मधला लेख असलेला दगड मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानला जातो, आणि तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित होता. तशा अवस्थेत ठेवण्याचं समर्थन कुणी करणार नाही. पण त्यावर उपाय म्हणजे तिथेच चौथरा, छप्पर आणि माहितीफलक.

हलवावंच लागलं तर रीत आहे. प्रत्येक दगडाला क्रमांक, त्याप्रमाणे रेखाटन, सुटे भाग कुलूपबंद कोठारात, त्याची नोंदवही, आणि परत बसवायची तारीख कराराच्या अटीत. तारीख नसेल तर ‘तात्पुरतं’ ठेवलेलं कोठारातच राहतं.

वाड्याच्या पुनर्विकासात थोडा वेगळा मार्ग आहे. सगळा वाडा वाचवणं अनेकदा शक्य नसतं, आणि लोकांना पक्की, सुरक्षित घरं हवीत यात वाद नाही. पण दिंडी दरवाजा, गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली पट्टी), सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब, कोरीव हस्त (तुळई पेलणारे आधार), आड हे नव्या इमारतीच्या प्रवेशद्वारात आणि चौकात बसवता येतात. त्यासाठी ती अट बांधकाम परवानगीत हवी आणि तिची तपासणी भोगवटा प्रमाणपत्राआधी (इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याआधी) व्हायला हवी. भोगवटा प्रमाणपत्रावर विकासकाचे पैसे अडलेले असतात, त्यामुळे ही अट पाळली जाते. नुसत्या तोंडी शब्दावर सोडलं तर जुनं सागवान भंगारवाल्याकडे जातं.

दुरुस्तीबद्दल एकच आग्रह धरेन: जुन्या दगडी कामात सिमेंट भरू नका. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असतो, ओल त्यातून श्वासासारखी ये-जा करते. सिमेंटचा सांधा ती अडवतो, मग ओल दगडातून बाहेर पडू पाहते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. तैलरंगानेही हेच होतं. दरवर्षी उत्सवाआधी पाणपोईला तैलरंग फासणाऱ्या मंडळाचा हेतू चांगला असतो, पण त्याखाली कोरलेली अक्षरं बुजतात.

काम झाल्यावर

मुंबईत सावकारांनी, व्यापाऱ्यांनी गेलेल्या आप्तांच्या स्मरणार्थ पाणपोया बांधल्या, काहींना खाली जनावरांसाठी कुंडी ठेवली. मशीद बंदर भागातलं केशवजी नाईक कारंजं १८७६ चं. फोर्टातल्या बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ-कारंज्याच्या आणि वेलिंग्टन कारंज्याच्या दुरुस्तीला २०१७ मध्ये, तर रतनसी मुळजी जेठा कारंज्याच्या दुरुस्तीला २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्मान मिळाला. आकाराने लहान असलेल्या वस्तूंना मिळालेली ही दाद मला फार महत्त्वाची वाटते. लहान काम नीट केलं तर तेही मोठ्या राजवाड्यांच्या पंक्तीत बसतं.

पण दुरुस्त केलेल्या पाणपोईला पाणी नसेल तर तिच्यात कचरा पडू लागतो. नळजोडणी, गाळणी, दर महिन्याची सफाई, आणि या सगळ्याची जबाबदारी कुणाची हे दुरुस्तीच्या कामातच ठरवावं लागतं. किमान पाच वर्षांची देखभाल निविदेत धरता येते. शेजारच्या दुकानदारांची संघटना किंवा रिक्षा थांबा यांच्याकडे चावी दिली तर उन्हाळ्यात ती पाणपोई खरोखर वापरात राहते.

नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत. घाट, रस्ते, पूल, वाहनतळ. इतर शहरांत अशीच कामं दरवर्षी मार्चअखेरीच्या घाईत निघतात. आपल्या पेठेतला हौद किंवा दगड त्या कामाच्या नकाशावर आहे का, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुरतो. त्यात कामाचं अंदाजपत्रक, बाबींची यादी आणि स्थळनकाशा या तीन कागदांच्या प्रती मागायच्या. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज निविदा निघण्याआधी गेलेला बरा.